जीपचा पंखा आणि वाघजाईचा खडक

३ सप्टेंबर, रविवार

जीपच्या इंजिनाचा पंखा गेला. गेला म्हणजे चालत्या गाडीत तुटून उडाला, आणि जाताजाता रेडिएटर फाडून गेला. वाडीच्या घाटात, वरच्या वळणावर. अण्णांनी गाडी डोंगराला टेकवली, चाकांना दगड लावले, माणसं उतरवली आणि सगळ्यांबरोबर चालत वर आले. सत्तरीला टेकलेला माझा बाप, खांद्यावर दुसऱ्याच्या पेंडीचं पोतं. का, तर "गाडीत घेतलंय तर वर पोचवायला नको?"

आज बाळूमिस्त्रीने दोर लावून गाडी पोलादपूरला त्याच्या गॅरेजात आणली. बघून म्हणाला, "रंजनाताय, पंख्याचा हबच तुटलाय. ह्या इंजनाचा पंखा आता मिळायचा नाय. भंगारात घाल, नायतर फोटो काढून भिंतीला लाव."

तेवढ्यात प्रकाशचा मुंबईहून फोन. धाकटा भाऊ आहे, पण वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाचा सेक्रेटरी झाल्यापासून आवाज थोरल्यासारखा लागतो. "ताई, आता पुरे कर. शेजारच्या गावातला एकजण पिकअप घेऊन वाडीची फेरी मारायला तयार आहे. मंडळातही सगळे तेच म्हणतायत. अण्णांना आराम मिळेल."

आराम म्हणे. वाडीवर एसटी येत नाही. सकाळी दूध आणि शाळेची पोरं खाली, संध्याकाळी माणसं, पेंड, सिलिंडर वर. ह्या एका फेरीवर अण्णांचा दिवस उभा आहे. फेरी गेली की ते ओट्यावर बसणार. ओट्यावर बसवलेली म्हातारी माणसं आमच्याकडे फार टिकत नाहीत, आमची आई मी बघितली आहे.

मी म्हटलं, मी विजेचा पंखा लावते. दोघेही हसले, एक समोर, एक फोनवर.

लावणारच.

६ सप्टें., बुध.

कंपनी सुटल्यावर महाडच्या बाहेर, दासगावच्या बाजूला हायवेला भंगारवाला आहे, तिथे गेले. एका छोट्या गाडीचा रेडिएटर पंखा, मोटारीसकट. पाती धड, बेअरिंग धड. दुकानदार म्हणतो, "ताई, मिस्टरांना पाठवा. साइज त्यांना कळेल."

"मिस्टर नाहीत, टेप आहे," म्हटलं, आणि मापलं. बसतोय.

नवऱ्याचं घर सोडलं त्याला किती वर्षं झाली, लोक अजून त्यालाच पाठवायला सांगतात.

१० सप्टें., रवि.

बाळूमिस्त्रीने रेडिएटर झाळून दिला. पंखा मी बसवला. पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, रबर घातलं. बॅटरीवरून फ्यूज, फ्यूजवरून डॅशबोर्डवर खटका, खटक्यावरून पंखा. खटका दाबला. असा काही फिरला की बा.मि.ची टोपी हलली.

अण्णा पुढे उभे राहून वारा अंगावर घेत होते. "रंजे, ह्यो तर घरच्या पंख्यापरीस चांगला हाय." मग खटक्याकडे बघून, "पण ह्यो दाबायचा कुणी?"

"तुम्ही."

खटक्याला बोट लावलं आणि मागे घेतलं. तेव्हाच कळायला हवं होतं.

१३ सप्टें., बुध.

कळलं. काल वाडीवर पोचल्यावर अण्णांनी नेहमीसारखी दांडी ओढून इंजिन बंद केलं, उतरले, जेवले, झोपले. पंखा बिचारा गार इंजिनाला वारा घालत बसला. सकाळी बॅटरी बसलेली. दुधाचे कॅन लादलेले, पोरं दप्तरं घेऊन आत, आणि सगळ्या वाडीने मिळून जीप उतारावर ढकलली. चालू झाली एकदाची.

फोनवर अण्णा: "आता म्या पंख्याचं ध्यान ठेवू का रस्त्याचं?"

राग आला. पण बोलणं खरं होतं. जी गोष्ट माणसाला लक्षात ठेवावी लागते ती वायरिंग नव्हे. कंपनीत वायरिंग शिकणाऱ्या नव्या मुलींना मीच हे सांगत असते.

१७ सप्टें., रवि.

खटका काढून टाकला. रिले, म्हणजे करंटवर चालणारा आपोआप खटका, बसवला. मोठा करंट बॅटरीकडून थेट, आणि रिलेला जागं करणारी बारीक वायर किल्लीच्या स्विचवरून. किल्ली फिरवली, पंखा चालू. किल्ली काढली, बंद. कोणी काही लक्षात ठेवायचं नाही.

सगळ्या वायरींना नंबरच्या बारीक नळ्या, फेरूल, घातल्या, कंपनीत घालतो तशा. अण्णा वाकून बघत होते. "वायरींना पण नंबर? हजेरी घेनार काय?"

"घेणार."

बा.मि. म्हणाला, पावसात भिजला की जळेल बघ. म्हटलं, जळला तर माझा जळेल, तुझी टोपी सुरक्षित आहे.

२२ सप्टें., शुक्र.

गणपतीला चार दिवस वाडीवर. गौरी आल्या, त्यांच्याबरोबर सगळी मुंबई आली. पावसाचं थांबायचं नाव नाही. जीप दिवसाला तीनतीन फेऱ्या मारते आहे, आत माणसं, टपावर बॅगा. मी मुद्दाम एका फेरीला पुढे बसून वर आले. वायपर खडखडत होते, पंखा घुमत होता, उष्णतेचा काटा मध्यावर असा बसला होता, जणू रंगवलाच आहे.

वाघजाईच्या खडकापाशी ओढा रस्त्यावरून वाहत होता. अण्णांनी आतूनच हात जोडले आणि गाडी तशीच वर घेतली. पावसाळ्यात तिथे कोणी थांबत नाही, देवीलाही ते माहीत आहे.

प्र. त्याच फेरीत मागे बसला होता. वर पोचल्यावर पाय झटकत म्हणाला, "बरी आली म्हणायची."

बरी. शब्द काढताना त्याच्या तोंडाला किती कष्ट पडले. फार बरं वाटलं मला. इथे खोटं लिहायचं कारण नाही, नाचावंसं वाटलं.

१० ऑक्टो., मंगळ.

पाऊस गेला. ऊन असं पडलंय की चवदार तळ्यावरून खोलीवर चालत येईपर्यंत घामाने ओढणी भिजली. आणि संध्याकाळी फोन: जीप उकळली. वरच्या वळणावर. वाफ, शिट्टी, माणसं खाली.

अण्णा म्हणतात, "काटा खाली व्हता गो. साफ खाली."

उकळलेल्या इंजिनाचा काटा खाली कसा असेल? म्हटलं, तुम्ही बघितलाच नसेल. फोन ठेवून दिला त्यांनी. असं कधी करत नाहीत.

१२ ऑक्टो., गुरु.

परत उकळली. परत तिथेच.

बा.मि.चा फोन, सहानुभूतीचा. सहानुभूतीत साखर जरा जास्त होती. "ताय, गनपतीत गारवा व्हता म्हनून निभावलं. हा आक्टोबर हिट हाय. छोट्या गाडीचा पंखा, त्याचा जीव तो केवडा."

पंख्याचा जीव मला माहीत आहे. मी तो हातात धरून बघितलाय.

१५ ऑक्टो., रवि.

आज घट बसले, आणि मी पोलादपूरला जीपमध्ये बसले. अण्णांना म्हटलं, तुम्ही गॅरेजात चहा प्या, गाडी मी नेते. पेंडीची पोती भरली, गॅरेजातली दोन जाडी माणसं मागे बसवली, भर दुपारी घाट चढले. एकदाही थांबले नाही. भरल्या गाडीने चढावर थांबलं की पुन्हा उचलताना क्लच जळतो. खडकाला चालत्या गाडीतूनच नमस्कार केला.

काटा मध्यावर. वाडीपर्यंत मध्यावर. वर बॉनेट उघडून हात लावून बघितलं. ठणठणीत.

परत खाली येऊन अण्णांना म्हटलं, माझ्या हातात उकळत नाही. तुम्ही कुठल्या गियरमध्ये चढवता?

गॅरेजात चार माणसं होती. मी चार माणसांसमोर विचारलं. अण्णांनी कप खाली ठेवला. "तू जन्मायच्या आदीपासून म्या ह्या घाटात गाडी घालतोय. तू मला गियर शिकव."

मग मी महाडच्या एसटीत बसेपर्यंत बोलले नाहीत. मीही नाही. दोघांचं नाक सारखं आहे, आई म्हणायची.

१९ ऑक्टो., गुरु.

अण्णांचा हात भाजला.

पुन्हा उकळली, आत शाळेच्या मुली होत्या, पाणी ओतायच्या घाईत रेडिएटरचं झाकण लवकर उघडलं. उजवा हात, मनगटापर्यंत. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले वरवरचं आहे, भरून येईल. मी रजा टाकून पोलादपूरला पोचले तेव्हा बाकावर बसले होते, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून, दुसऱ्याचा असावा तसा.

"काटा खाली व्हता," एवढंच म्हणाले.

त्यांची शपथ घ्यायची पद्धत नाही. तरी मी मान हलवली, समजूत काढल्यासारखी, आणि ते त्यांना दिसलं.

प्र.चा फोन. ह्या वेळी ओरडला नाही, ते जास्त वाईट. "ताई, तुझ्या हट्टापायी अण्णांचा हात गेला असता. भाऊबीजेला देवळात गावकीची बैठक बसवतोय. फेरी पिकअपवाल्याला द्यायची. तोवर बाळूमिस्त्रीचा माणूस चालवेल."

हट्ट माझाच आहे.

२४ ऑक्टो., मंगळ. दसरा

बा.मि.चा माणूस बाहेरचा, कोकणाबाहेरचा. गेले चार दिवस तो चालवतोय आणि जीप उकळलेली नाही. एकदाही नाही. सगळ्या वाडीत एकच बोलणं: म्हाताऱ्याला आता जमत नाही.

अण्णांनी डाव्या हाताने जीपला झेंडूचा हार घातला. माझ्या पान्यांच्या डब्यालाही एक फूल ठेवलं. बोलले नाहीत पण फूल ठेवलं. मी आत जाऊन थोडी रडले. रागाने रडले. त्या माणसाच्या हातात उकळत नाही, माझ्या हातात नाही, फक्त अण्णांच्या. मग अण्णा असं काय करतात जे आम्ही दोघं करत नाही?

गियर नाही. मी त्यांच्या शेजारी बसून मोठी झाले, त्यांच्याइतका हळुवार गियर कोणी टाकत नाही. मी गॅरेजात बोलले तेव्हाही मला हे ठाऊक होतं.

आणि काटा. माणूस खोटं बोलत नाही असं धरलं, तर काटा खरंच खाली होता. उकळत्या इंजिनावर काटा कधी खाली असतो?

पुढच्या रविवारी त्यांना चालवायला लावणार. मी शेजारी बसणार. प्र.ला कळवायची गरज नाही.

२९ ऑक्टो., रवि.

सापडलं.

नीट लिहिते.

पट्टी सुटलीय, कातडी गुलाबी आहे, पण स्टीअरिंग धरता येतं. म्हटलं, अण्णा, आज तुम्ही चालवा. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. बसले. गाडीत चार पोती आणि आम्ही दोघं. खालची वळणं झाली, पंखा घुमतोय, काटा मध्यावर. मी काट्यावरून नजर हलवत नव्हते.

वाघजाईचा खडक आला. अण्णांनी गाडी सपाटीला घेतली, इंजिन चालूच, हँडब्रेक लावला. आणि किल्ली काढली. उतरले, किल्ली खडकाला लावली, कपाळाला लावली, सदऱ्याच्या खिशात टाकली, परत येऊन बसले, गाडी उचलली.

आणि पंखा बंद होता. काटा खाली पडलेला, साफ खाली.

मी हे लहानपणापासून बघत आले आहे. जीप नवी असताना तिचा ब्रेक गेला तेव्हा गाडी ह्याच खडकाला टेकून थांबली होती, आत आम्ही सगळे होतो, मी आईच्या मांडीवर. तेव्हापासून खडकाच्या वर गाडी देवीची. किल्ली तिला दाखवायची, खिशात ठेवायची, वाडी आली की परत लावायची. "हितनं वर गाडी तिची, म्या निस्ता ड्रायवर." आमचं जुनं डिझेल इंजिन, त्याला चालायला किल्ली लागत नाही, एकदा धडधडायला लागलं की दांडी ओढेपर्यंत धडधडतं. म्हणून कधी कोणाला काही वाटलं नाही. मलाही नाही. किल्ली खिशात गेली की पंख्याचा रिले मेला, काट्याचा करंट गेला, आणि नेमकी तिथून पुढे घाटाची खडी चढण; गाडी भरलेली असली की उकळणारच.

पावसात थांबत नव्हते म्हणून गणपतीत पंखा चालला. मी थांबले नाही, बाहेरचा माणूस थांबत नाही. थांबतात फक्त अण्णा.

वरच्या वळणाच्या आधी मी म्हटलं, जरा गाडी थांबवा, गार होऊ द्या. ते म्हणाले, काटा खाली हाय की. म्हटलं, हो, खाली आहे. दिसतोय मला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बाहेर बघितलं.

३० ऑक्टो., सोम.

बा.मि.ला फोन करून सांगितलं. एवढा हसला की फोन लांब धरावा लागला. "मग सोपं हाय ताय. म्हाताऱ्याला सांग, किल्ली काढू नको. मिटला इषय."

सोपं आहे खरं. दिवसभर पॅनेलमध्ये वायरी ओढताना तेच डोक्यात. एक वाक्य सांगायचं. आणि त्या वाक्याबरोबर त्यांना हेही कळणार की मुली ज्यात बसल्या होत्या ती गाडी त्यांच्या नमस्कारामुळे उकळली. हात त्याच्यामुळे भाजला. मग ते किल्ली काढणार नाहीत, आणि बहुतेक गाडीही चालवणार नाहीत. प्र.चं काम मीच करून ठेवेन.

आणि दुसरं. माझी देवावर फार श्रद्धा नाही, उपास मी चहाने मोडते. पण चूक किल्ली काढण्यात नाही. इंजिनाला किल्लीची गरज नाही, मग माझ्या पंख्याला का असावी? पंख्याने इंजिनाच्या मागे जायचं, किल्लीच्या नाही. ही गाडी कोण कशी चालवतं हे न बघता मी वायर टाकली. पुस्तकातल्या गाडीला टाकली.

मी सांगणार नाही. मी वायर बदलणार.

५ नोव्हें., रवि.

बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या मागे एक बारीक टर्मिनल असतं, डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या लाल दिव्याचं. इंजिन फिरत असेल तरच तिथे पुरता करंट येतो. किल्ली जागेवर असो, खिशात असो, वाघजाईकडे असो, त्याला पत्ता नसतो. रिलेची वायर किल्लीवरून काढून तिथे आणली. काट्याची वायरही रिलेच्या पुढे जोडली.

इंजिन चालू केलं, किल्ली काढून हातात घेतली. पंखा चालू. आणि वायपरही चालू. कडकडीत उन्हात कोरड्या काचेवर खर्र खर्र.

अण्णा दोन पावलं मागे. "रंजे, हे काय गो? किल्ली तुज्या हातात आन् वायपर चालतंय."

काट्याची जुनी वायर तोडायची राहिली होती. करंट तिच्यातून उलटा किल्लीच्या लाइनला गेला, आणि वायपरचा खटका कोणीतरी चालूच ठेवला होता. जुनी वायर तोडली, टेप मारली, वायपर थांबला. पंखा चालू, काटा जिवंत. दांडी ओढली. इंजिन बंद, पंखा बंद.

पाच-सहा वेळा केलं तेच. किल्ली काढ, पंखा चालू. दांडी ओढ, पंखा बंद.

अण्णा मडगार्डला टेकून बघत होते. माणूस मुका नाही आणि मूर्ख तर मुळीच नाही. म्हणाले, "म्हंजे आदी किल्ली काडली की बंद व्हायचा."

"हो."

"खडकापाशी."

"हो."

हाताची गुलाबी कातडी चोळत राहिले. "मग माज्यामुळंच की."

"नाही. वायर मी चुकीच्या जागी लावली होती. तुम्ही काटा खाली म्हणत होता ते खरं होतं. मी ऐकलं नाही."

खाली पडलेला पाना उचलून माझ्या डब्यात ठेवला. मग म्हणाले, "गॅरेजात तू गियरचं बोललीस."

"बोलले. चुकलं माझं."

"चारचौघात."

"हो."

"मग हे पन चारचौघात बोल." आणि चहा सांगायला गेले.

मी लपवून ठेवणार होते, आणि म्हाताऱ्याने दोन प्रश्नांत काढून घेतलं. गाडी मात्र सोडून दिली नाही त्यांनी. मी त्यांना कमी धरलं होतं.

१२ नोव्हें., रवि. लक्ष्मीपूजन

प्र. आला, बायकोमुलांसकट, स्वतःच्या गाडीने. फराळ होईपर्यंत गोड होता. मग ओट्यावर बोलावलं मला. मी सगळं सांगितलं, रिले, टर्मिनल, खडक.

"म्हणजे चूक अण्णांच्या अंधश्रद्धेची."

"चूक वायरीची. काढली."

"किल्ली काढू नका म्हटलं असतं तर फुकटात काम झालं असतं. तू त्यांच्या वेडाला वायरिंग करून दिलंस, ताई."

"हो. करून दिलं. माणूस जसा चालवतो तशी गाडी करून दिली."

"उद्या परत काही झालं तर मंडळ मला विचारेल."

"मंडळाला सांग, गाडीच्या वायरिंगची जबाबदारी रंजनाची. लिहून घ्या हवं तर. आणि गावकीत मलाच विचारा."

"बायका बसत नाहीत गावकीत."

"बायकांची पोरं आणि बायकांनी काढलेलं दूध गाडीत बसतं ना?"

तो आत गेला. वहिनी दारातून माझ्याकडे बघून हसली. ती मुंबईची, तिला अजून इथे हसायची भीती वाटते, तरी हसली.

त्याचंही खोटं नाही. काळजी वाटते त्याला. लांब राहणाऱ्या माणसाची काळजी नेहमी निर्णयाच्या रूपातच येते, कारण रोजचं काही करता येत नाही. कळतं मला. मानणार नाही.

१५ नोव्हें., बुध. भाऊबीज

सकाळी प्र.ला ओवाळलं. खिशात हात घालत म्हणाला, "ओवाळणी काय पाहिजे?"

म्हटलं, पाकीट नको. माझ्याबरोबर पोलादपूरला चल, आणि संध्याकाळी जीपने वर ये. पुढच्या सीटवर, काट्यासमोर.

ताटासमोर भाऊ नाही म्हणू शकत नाही. हे मला माहीत होतं आणि मी ते वापरलं.

मंडळाची काही माणसं दुपारच्या रेल्वेने वीर स्टेशनला उतरून पोलादपूरपर्यंत आली होती. संध्याकाळी जीप खच्चून भरली. अण्णा चालवायला, प्र. शेजारी, त्याच्या शेजारी दाराला चिकटून मी. मागे मंडळ, त्यांच्या बॅगा, पेंड, एक सिलिंडर. बा.मि. गॅरेजातून हात करत होता. म्हणाला, मागनं दोर घेऊन येऊ काय. म्हटलं, ये, वर फराळ आहे.

खालची वळणं. प्र. खरंच काट्याकडे बघत होता, परीक्षेला बसल्यासारखा.

खडक आला. अण्णांनी गाडी सपाटीला घेतली, हँडब्रेक ओढला. किल्ली काढली. आणि उतरले नाहीत. प्र.च्या पुढून हात लांब करून किल्ली माझ्यापुढे धरली.

"जा. तू लाव."

आजवर दुसऱ्या कोणी लावलेली नाही. मी उतरले. मागून मंडळाची कुजबुज आली, बाईच्या हातात, वगैरे. खडक उन्हाने अजून कोमट होता. देवीला काय म्हणायचं मला सुचेना. किल्ली लावली. कपाळालाही लावली, अण्णा बघत होते म्हणून, आणि माझं मन झालं म्हणूनही.

मग तिथेच उभं राहून ऐकलं. इंजिनाची धडधड, आणि तिच्या आत पंख्याची घुमघुम. किल्ली माझ्या मुठीत होती.

परत बसले. किल्ली द्यायला हात पुढे केला तर अण्णांनी बघितलंच नाही, गाडी उचलली. वरचं वळण, जिथे पंखा तुटला, जिथे हात भाजला. काटा मध्याच्या जरा वर गेला, तिथे थबकला, परत मध्यावर आला. प्र.ने सोडलेला श्वास मला ऐकू आला. चारचौघात बोलायचं होतं, म्हणून मी तिथेच मागे वळून मोठ्याने सांगितलं, आधी उकळत होती ती माझ्या वायरीने, अण्णांच्या हाताने नाही, आणि गॅरेजात मी त्यांना गियरवरून बोलले ते चुकीचं बोलले. अण्णांनी अगदी हळुवार खालचा गियर टाकला.

वाडी आली. दांडी ओढली, इंजिन बंद, पंखा बंद.

आता देवळात गावकी बसली आहे. पिकअपवालाही आलाय, नवा शर्ट घालून, बिचारा वाईट माणूस नाही. अण्णा आत आहेत, प्र. आत आहे. काय बोलेल माहीत नाही. उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, पण त्याचा अर्थ दोन्हीकडून लागतो. मी जीपमध्ये बसून हे लिहिते आहे, देवळातला आवाज इथवर येतो, शब्द येत नाहीत. बोलावणं आलेलं नाही.

एवढं पान भरलं की आत जाणार आहे. दारात उभी राहीन, मग उंबऱ्यात बसेन, मग बघू कोण उठवतं.

फेरी कोणाला द्यायची ते ठरवू देत. किल्ली अजून माझ्याकडे आहे, आणि ती मागायला कोणी आलेलं नाही.